पहाटे चाचा, अकराला सर

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, फुटबॉल बरा खेळतो. त्याला क्लबात घालावं की शाळेच्या टीममध्येच राहू द्यावं, हे तिला विचारायचं होतं. लोक माझ्याकडे असलेच प्रश्न घेऊन येतात, कारण मी कागद घेते, मधोमध रेघ मारते आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून देते. त्या दिवशीही तेच केलं. डावीकडे क्लब, उजवीकडे शाळा. अर्ध्या तासात दोन्ही बाजू भरल्या. वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की दोन्हीकडचं सगळं एकाच माणसाकडून ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे. बहिणीला कागद पाठवून दिला. माणसाबद्दल तिला काही सांगितलं नाही. ते इथे लिहिते.

लातूरच्या ज्या शाळेत मी ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले, तिथे खय्यूम सर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. उंची बेताची, गुडघे जरा बाहेर वळलेले, चालताना डावा पाय किंचित उशिरा पडायचा. शहरातलं जुनं घराणं. भावांचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान होतं आणि लहानपणी तिथे काम केल्याच्या खुणा सरांच्या बोटांवर होत्या. फुटबॉल ते हैदराबादला मामाकडे राहून शिकले होते.

त्यांचा दिवस दोन भागांत असायचा. पहाटे साडेपाच ते साडेसात पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर क्लब, अकरा वाजता शाळा. क्लबला नाव नव्हतं. लोक चाचाचा क्लब म्हणायचे. माझं भाड्याचं घर टाकीसमोरच होतं आणि नळ पहाटेच यायचा, त्यामुळे घागरी भरता भरता क्लब मला रोज दिसायचा. शाळा तर माझ्या टेबलावरूनच चालायची.

मुलं बरीचशी दोन्हीकडे तीच. पण पहाटे ती त्यांना चाचा म्हणायची आणि अकरानंतर सर. यात गल्लत चालत नसे. एकदा प्रार्थनेच्या वेळी एकजण "चाचा" म्हणून गेला, त्याला दहा फेऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच मुलाने जपून "सर" म्हटलं, तर यांनी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं.

क्लबात शिट्टी नसायची. ते टाळी वाजवायचे, तीही क्वचित. वयाची अट नव्हती. नववीतली मुलं, हॉटेलातला एक वेटर, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा, तिसरीतलं एखादं पोर, सगळे एकत्र. नव्या मुलाला पहिला महिना बॉल फक्त टाकीच्या भिंतीवर मारायचा, आणि तोही ज्या पायाने येत नाही त्या पायाने. मग खेळ. बाजू पाडायची पद्धत अशी, की प्रत्येकाने एक चप्पल ढिगात टाकायची. चाचा डोळे मिटून त्या ढिगातून एक इकडे, एक तिकडे फेकायचे. ज्याची चप्पल जिकडे, तो तिकडे. रोज नव्या बाजू, रोज नवे सोबती. हजेरी नव्हती. ढिगाकडे बघूनच त्यांना कळायचं कोण आलं नाही ते.

शाळेत त्यांच्या गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. स्पर्धेला पंधरा दिवस राहिले की उंच मुलगा गोलात, पळणारा पुढे, बाकीच्यांना एकच सूचना: बॉल आपल्या बाजूला ठेवायचा नाही. सोळा नावांची यादी मी तीन प्रतींत टाईप करायची, जन्मतारखेसकट. मला त्यांचं शाळेतलं काम आवडायचं, कारण ते कागदावर दिसायचं. एकदा मी त्यांना तसं म्हटलंही.

ते म्हणाले, "ताई, शाळा पंधरा दिवसांत टीम बनवते. एक पाय बनवायला क्लबाला पाच वर्षं लागत्यात."

मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, की शाळा नसती तर निम्मी पोरं मैदानावर आलीच नसती. बापाला कागद लागतो. शाळेचा कागद दाखवला की बाप सोडतो, आणि एकदा सोडलं की पोरगं क्लबापर्यंत येतं.

एका वर्षी शहरातल्या खुल्या स्पर्धेत शाळेनेही टीम घातली आणि क्लबनेही. सात मुलं दोन्हीकडची होती. कुठून खेळायचं ते सरांनी मुलांनाच ठरवायला सांगितलं आणि स्वतः टाकीच्या कठड्यावर जाऊन बसले. क्लबने शाळेला चार-एक असं हरवलं. हेडसर चिडले. कोच एकच असताना हे झालंच कसं, असं त्यांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं. सर म्हणाले, "शाळेची टीम एकदा हरली की घरी जाते, हेडसर. तिला हरायची भीती. क्लबात पोरं रोज हरत्यात. हरून दुसऱ्या दिवशी परत येतेत. शिकणं त्यातच हाय." हेडसरांना उत्तर पटलं नाही. मला पटलं, पण ते कुठल्या फाईलला लावावं ते कळलं नाही.

हे सगळं भूकंपाच्या आधीचं.

शाळेच्या बोर्डिंगात नागनाथ आणि सिद्राम अशी दोन चुलतभावंडं होती. औशाच्या पुढच्या एका खेड्यातली, दोघंही नववीत. क्लबातही यायची, शाळेच्या टीमातही होती. गणपती विसर्जनाच्या दिवशी पहाटे खेळ संपल्यावर दोघं चाचांपाशी गेली. मी नळावर होते, मला ऐकू येत होतं.

नागनाथ म्हणाला, "चाचा, विसर्जनाला गावाला जावावं म्हणून राहिलो. उद्या पहिल्या गाडीनं येतो."

चाचा बॉल दाबून हवा बघत होते. "परवा मॅच हाय."

"म्हणून तर इथं विचारून राहिलो. शाळेत विचारलं तर सर न्हाई म्हणतील."

आजूबाजूची सगळी हसली. चाचाही हसले. "जाव. ईद असती तर मी थांबलो असतो का? सरांना मी सांगतो."

त्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, जमीन हलली. आमच्या गल्लीत भांडी पडली, काही भिंतींना चिरा गेल्या, सगळे घराबाहेर आले आणि उघडी जागा म्हणून मैदानावर जाऊन थांबले. साडेपाचला सर नेहमीसारखे आले. क्लबची मुलं होती, पण आईबापांबरोबर, चादरी घेऊन बसलेली. कोणाच्याच पायात काही नव्हतं. सर ढिगाच्या जागी उभे राहिले. उजाडल्यावर औशाकडून बातम्या यायला लागल्या. कोणाचा तरी टेम्पो तिकडे निघाला होता, ते त्यात चढून गेले.

चौथ्या दिवशी परतले. तोच शर्ट होता. मी चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं. दोघांचीही घरं त्या गावात मधल्या आळीत होती. यापेक्षा जास्त त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शाळा सुरू झाल्यावर जनरल रजिस्टरातून नावं कमी करायचं काम माझ्याकडे आलं. कारणाच्या रकान्यात एरवी मी 'दाखला नेला' लिहायची, नाहीतर 'सतत गैरहजर'. दोन नावांपुढे 'मयत' लिहिलं. अक्षर नीट आलं होतं, एवढंच आठवतं. त्या दुपारी सर ऑफिसात आले, रजिस्टर मागून घेतलं, ते पान पाहिलं आणि खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं, की सदर दोन विद्यार्थ्यांनी गावी जाण्याची परवानगी मागितली होती व ती मी दिली. खाली पूर्ण सही. तारीख कागद दिला त्या दिवशीचीच घातली होती, मागची नाही.

याची गरज नाही, असं मी सांगितलं. हेडसर तर म्हणाले फाडून टाका, बोर्डिंगची चौकशी लागली तर हा कागद तुमच्याच गळ्यात येईल.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "रजेशिवाय गेले असं राहायला नको, ताई. पोरं पळून गेलेली न्हाईत."

मी कागदाला आवक नंबर दिला आणि रजेच्या फाईलला लावला. चौकशी झाली नाही. कोणाला तेवढा वेळ नव्हता.

त्यानंतर एक गोष्ट बदलली. ती आधी मुलांच्या लक्षात आली, मग माझ्या. कोणी "जाऊ का?" विचारलं की सर उत्तर देत नसत. पहाटे एखाद्याची आई रस्त्यापलीकडून हाक मारायची, मुलगा विचारायचा, आणि चाचा खाली वाकून दुसऱ्याच कोणाची तरी नाडी बांधायला लागायचे. मुलगा तसाच उभा. हळूहळू मुलं न विचारता जायला शिकली. शाळेत रजेचे अर्ज त्यांच्या टेबलावरून सही न होता वर्गशिक्षकांकडे जायचे. पुढच्या सहा-सात वर्षांत रजेच्या एकाही अर्जावर मी त्यांची सही पाहिली नाही. बाकी शिकवणं तेच, भिंत तीच. लोक मला विचारायचे, सर हल्ली हसत का नाहीत. ते पूर्वीही फार हसत नसत, असं मी सांगायची. खरं काय होतं, ते मलाही आता नीट आठवत नाही.

मग क्लासेसचे दिवस आले. लातूरची मुलं गुणवत्ता यादीत झळकायला लागली तशी देगलूर, धर्माबाद, हिमायतनगरपासून मुलं यायला लागली. आमच्या गल्लीत प्रत्येकाने पुढची खोली भाड्याने दिली. माझ्या घरमालकाने वरच्या खोलीत तीन कॉट टाकल्या. फिजिक्सची पहिली बॅच पहाटे साडेपाचची, म्हणजे नेमकी क्लबची वेळ. मी नळावरून चपला मोजायची, सवय म्हणून. सव्वीस होत्या त्या दोन वर्षांत नऊवर आल्या. शाळेत खेळाचा तास गणिताला गेला. स्पर्धा तेवढ्या राहिल्या, कारण टीम राज्यापर्यंत गेली की दहावीला वाढीव गुण मिळायचे. त्यामुळे पालक आता मैदानावर जाण्याऐवजी माझ्या टेबलाशी यायचे. सोळांच्या यादीत नाव घाला म्हणायचे. एकजण सरांनाच म्हणाला, "पोरगं न्हाई पळालं तरी चालंल, नाव तेवढं घाला."

"नावाला पाय न्हाईत, भाऊ," सर म्हणाले. पण पंधरा-सोळा नंबरला अशी दोन नावं यायचीच. हेडसर घालायचे.

वरच्या खोलीतल्या तिघांपैकी एक मारोती. देगलूरच्या अडत दुकानदाराचा मुलगा, आमच्याच शाळेत दहावीला. वडिलांना त्याला डॉक्टर करायचं होतं. पहाटे तो पाठीला दप्तर लावून बॅचला निघायचा, टाकीमागे दप्तर ठेवायचा आणि खेळायचा. मला ते दिसत होतं. मी कोणाला सांगितलं नाही. का, ते माहीत नाही, मी एरवी सांगते. दोन वर्षं चाचांनी त्याचा डावा पाय भिंतीवर घडवला होता. शाळेच्या टीमलाही तोच चालवायचा. इतक्या वर्षांत क्लब आणि शाळा दोन्हींच्या सारखाच कामाला आलेला मी तेवढाच मुलगा पाहिला.

त्या हिवाळ्यात सरांच्या नांदेडच्या एका जुन्या मित्राचा निरोप आला. हैदराबादच्या क्लबचे लोक नांदेडला मुलं निवडायला येणार होते, एकच दिवस. निवडलेल्यांना क्लब ठेवून घेणार, तिथल्या शाळेतही घालणार. आणि त्याच दिवशी लातूरला आमच्या शाळेचा विभागीय अंतिम सामना होता. जिंकलो तर राज्य, म्हणजे सोळा जणांना गुण.

मारोती ऑफिसात घुटमळत होता. मी माझ्या पद्धतीप्रमाणे सुचवलं, की तोंडी नको, रजेचा अर्ज दे, लेखी असलं की बरं. त्याने तिथेच माझ्याच पेनने अर्ज लिहिला आणि सरांपुढे ठेवला. मी काय सुचवलं ते मला तेव्हा कळलं. सरांनी अर्ज वाचला आणि त्यावर हात ठेवला. तास संपल्याची घंटा झाली.

"सर, जाऊ का?"

हात तसाच होता.

"चाचा?"

शाळेच्या इमारतीत तो शब्द कोणी उच्चारत नसे. सरांनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर गेले. मारोती माझ्याकडे बघत राहिला. मी टायपिंग सुरू केलं.

सामन्याच्या दिवशी पहाटे मी नळावर असताना दोघं समोरून आले. मारोतीची पिशवी सरांच्या खांद्याला होती. माझ्यापाशी थांबून ते म्हणाले, "हेडसरांना सांगा ताई, पोरासोबत जाऊन राहिलो," आणि स्टँडकडे गेले. नांदेडची पहिली गाडी सहाला होती.

सामन्याला हेडसर आणि चित्रकलेचे शिक्षक उभे राहिले. एक-शून्य हरलो. सोमवारी माझ्या टेबलावर पालकांची तक्रार आली, खाली चौदा सह्या. राग खोटा नव्हता. सोळा मुलांचे गुण गेले होते आणि त्यातली चौदा खरंच पळाली होती. संस्थेने कारणे दाखवा नोटीस दिली, ती मीच टाईप केली. सरांनी उत्तरात एकच ओळ लिहिली: मी सदर विद्यार्थ्यासोबत होतो. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली संस्थेच्या हिमायतनगरच्या शाळेत झाली. जाणं म्हणजे नोकरी राहणार, पण टाकीमागचं मैदान सुटणार.

मारोतीचे वडील देगलूरहून जीप करून आले. ऑफिसातच सरांना गाठलं. "तुम्ही मास्तर का एजंट? मला न विचारता माझं पोरगं नेलं."

"नेलं," सर म्हणाले, "आणि रात्री आणून खोलीवर सोडलं बी."

"झालं काय मग?"

"घेतलं त्याला."

वडील खुर्चीवर बसले. बराच वेळ टेबलावरच्या शाईच्या डागावर बोट फिरवत होते. मग हैदराबादला आपली बहीण राहते, असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. दहावी तिथून देता येईल का, दाखल्याला किती दिवस लागतील, परत यायचं झालं तर प्रवेश मिळेल का, असं एकेक विचारत गेले. मी एकेक सांगितलं. एक वर्ष बघू, असं ठरलं.

मारोतीला सोमवारी संध्याकाळपर्यंत तिथे हजर व्हायचं होतं. वडिलांचा हंगाम होता, ते येऊ शकत नव्हते. आत्या हैदराबादच्या स्टँडवर उतरवून घेणार होती. आणि सरांना त्याच सोमवारी दुपारपूर्वी कार्यमुक्त व्हायचं होतं. त्यांनी एक दिवस मागून पाहिला. संस्थेने दिला नाही. म्हणजे पोराला एकट्यानेच जायचं होतं.

दाखल्यावर हेडसरांची सही सकाळी झाली, म्हणून तो द्यायला मी स्टँडवर गेले. मारोती खिडकीशी बसला होता. सर खाली उभे होते. मी दाखला दिला, घडी घालू नको म्हणून सांगितलं. कंडक्टर चढला. मारोतीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चाचा, जाऊ?"

ड्रायव्हरने गाडी चालू केली होती. सरांचे ओठ हलले की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी हात वर केला आणि खिडकीखालच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी हलली. वळण घेऊन दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात तेवढ्याच उंचीवर होता.

"कधी पोचते, ताई?"

साडेपाचला, मी सांगितलं.

साडेअकराला ते शाळेत आले, कार्यमुक्तीच्या कागदावर सही केली, शिट्टी आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि परत गेले. पहाटेच्या क्लबातली मुलं पुढे दोन-तीन महिने आपली आपणच खेळली. मग त्या मैदानावर क्लासेसच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. हिमायतनगरला त्यांनी काय केलं, मला माहिती नाही. पुढच्या जूनमध्ये मीही नांदेडच्या शाखेत आले. पत्र लिहीन लिहीन म्हटलं, यादीतही होतं, राहून गेलं.

मारोती गेला त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी स्टँडवरून घरी चालले होते. स्टँडबाहेरच्या एसटीडी बूथसमोर बाकड्यावर सर बसलेले दिसले. बूथवाल्याने सांगितलं, बारापासून इथेच आहेत, मुलाला इथला नंबर देऊन ठेवलाय. मी थांबले. सहा वाजून गेले होते. दोन फोन आले, दोन्ही दुसऱ्यांचे. सर प्रत्येक वेळी अर्धे उठले आणि बसले. तिसऱ्या वेळी बूथवाल्याने हात केला. ते आत गेले, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. काचेतून तोंड हललेलं दिसलं, दोन-तीनदा, फार नाही. मग रिसीव्हर ठेवून बाहेर आले.

मी विचारलं, "पोचला का?"

"पोचला." ते बाकड्याकडे वळले. "जेवला का, ते विचारायचं राहिलं."

तिकडचा नंबर कोणाकडेच नव्हता. ते परत बाकड्यावर जाऊन बसले.